तिबोटी खंड्याचा पंचनामा

शेवाळे भाऊसाहेब पक्ष्यांचा पंचनामा करत. हे मी थट्टेनं म्हणत नाही. लांब ताव, मध्ये कार्बन, दोन पंच, चतुःसीमा आणि शेवटी ‘वाचून दाखविला, बरोबर आहे’. शेतात बांध फुटला की जसा करतात तसाच.

मला हे कळलं ते नोकरीच्या चौथ्या दिवशी. साल त्र्याण्णव. नाशिकमधल्या एका महसुली कचेरीत मी कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो होतो. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला, खुर्चीवर बसून काम करणाराही पहिलाच. त्यामुळे कुणी हाक मारली की मी आधी उभा राहायचो आणि मग कोण आहे ते बघायचो. त्या दुपारी डबा उघडतोय, तोच एक उंच, खांद्यात किंचित वाकलेले गृहस्थ दारात आले.

"नवीन ना तुम्ही? पगारे? चला. पंच हवाय."

मी डबा तसाच टाकून त्यांच्या मागे गेलो. आवारात आमचा शिपाई उभा होता. भाऊसाहेबांनी बोट दाखवलं. गवतात एक पक्षी चालत होता, डोक्यावर पंख्यासारखा तुरा.

"दिसला?"

"दिसला."

"नीट दिसला? का दिसल्यासारखा वाटला?"

"नीट दिसला."

"सही करा."

ताव त्यांनी आधीच लिहून आणला होता. त्यातला मजकूर मला अजून पाठ आहे : ‘आम्ही खाली सह्या करणारे पंच आज रोजी समक्ष हजर राहून लिहून देतो की, झेंड्याच्या खांबापासून दक्षिणेस अकरा पावलांवर एक हुदहुद पक्षी जमिनीत चोच खुपसून किडे काढीत असताना आम्ही पाहिला. तुरा पंचांसमक्ष दोन वेळा उघडला. चतुःसीमा : पूर्वेस सायकल स्टँड, पश्चिमेस पाण्याची टाकी, उत्तरेस झेंडा, दक्षिणेस जप्त वाळूची ट्रॉली. पक्षी कोणाच्याही दबावाखाली नव्हता.’

मी सही केली. मग नवीन माणसानं काहीतरी बोलावं म्हणून अदबीनं सांगितलं, "भाऊसाहेब, मी प्राणिशास्त्राचा पदवीधर आहे. मलाही पक्ष्यांची फार आवड आहे."

त्यांचा चेहरा पडला. त्यांनी ताव परत घेतला आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं : ‘पंच क्र. २ यांस पक्ष्यांची आवड असल्याचे मागाहून समजले.’

"यापुढे तुम्ही बाद," ते म्हणाले.

"का?"

"हितसंबंध. ज्याला पक्षी बघायची आवड असते, त्याला पक्षी दिसावा असं वाटत असतं. आणि वाटलं की दिसतो. पंच कसा हवा? त्याला पक्षी दिसला काय अन् नाही दिसला काय, सारखंच. हा बघा, आमचा शिपाई. याला हत्ती दिसला तरी तो डबा खात बसेल."

शिपायानं मान डोलावली. अशा रीतीनं चार बुकं शिकलेला मी बाद झालो आणि सातवी पास शिपाई पक्ष्यांचा कायमचा पंच झाला. माझ्या मनात त्यांच्याविषयी पहिली ठिणगी पडली ती तेव्हा.

भाऊसाहेब बागलाणातले, सटाण्याकडचे. जुनी मॅट्रिक. आधी बरीच वर्षं तलाठी, मग अव्वल कारकून. त्यांच्याकडे दुर्बीण नव्हती आणि घेणारही नव्हते. "दुर्बीण म्हणजे काचेनं दिलेला जबाब," म्हणायचे, "माझ्या डोळ्यांनी दिला तर धरीन." अंतर ते गुंठ्यात मोजत. "दीड गुंठ्यात चार बुलबुल, दाटी आहे." कोकिळेनं कावळ्याच्या घरट्यात अंडं घातलं तर त्यांच्या वहीत ‘अतिक्रमण’ या सदरात नोंद व्हायची. कचेरीसमोरच्या पिंपळाचा त्यांनी चक्क सातबारा केला होता. कब्जेदार : बगळे. इतर हक्क : कावळे, एक घार, हंगामी मैना. दर पावसाळ्यात फेरफार.

बोलण्यात एक शब्द ठरलेला. काहीही घडलं की, "नोंद घ्या." चहा गार आला, नोंद घ्या. साहेब आज हसले, नोंद घ्या. मी एकदा टिपणीत तीन ओळींत दोन चुका केल्या, तर रागावले नाहीत, फक्त हळूच म्हणाले, "पगारे, मनात नोंद घ्या."

खरं सांगायचं तर मी आज जो काही आहे त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. सरकारी मसुदा कसा लिहायचा, ‘सबब’ कुठे घालायचं, साहेबाला नाही म्हणायचं असेल तर ‘विनंती’ कशी लिहायची, हे मला त्यांनी शिकवलं. निफाडला माझे वडील आजारी पडले तेव्हा माझं टेबल त्यांनी महिनाभर सांभाळलं आणि कुणाला कळूही दिलं नाही. त्यांच्याच कॉलनीत मला खोली मिळवून दिली. त्यांच्या पत्नी, इंदूवहिनी, मला रविवारी हक्कानं जेवायला बोलवायच्या. म्हणून तर माझी पंचाईत. ज्याचे एवढे उपकार, त्याचा हेवा करायचा तर तो उघड करता येत नाही. आत धुमसत ठेवावा लागतो.

आणि हेवा वाटायला कारणं होती. नाशिकमध्ये आमचं दहा-बारा जणांचं पक्षीमित्र मंडळ होतं. रविवारी सकाळी गंगापूरच्या धरणावर, नाहीतर नांदूरमध्यमेश्वरला जायचो. मंडळाची एक यादी होती, दर वर्षी टंकलिखित करून वाटायची. पक्ष्याचं नाव आणि त्यापुढे ‘प्रथम नोंद’ करणाऱ्याचं नाव. त्या यादीत शेवाळे हे नाव पानोपानी होतं. माझं नाव दोन ठिकाणी. त्यांतला एक पारवा, जो लिहायची कुणाला लाजच वाटली होती. मी पुस्तकं विकत घेतली, दुर्बीण हप्त्यानं घेतली, पहाटे उठलो. आणि हा मॅट्रिक झालेला माणूस छत्री घेऊन मागून रमतगमत येणार, एका झाडाखाली थांबणार, आणि म्हणणार, "पगारे, तुमच्या डोक्यावर काय बसलंय, बघून ठेवा." मी वर बघेपर्यंत ते उडालेलं असायचं.

घरी मात्र त्यांचा एक वेगळा पंच होता. रविवारी जेवायला गेलो की ते जुन्या वह्या काढून दाखवत. प्रत्येक तावावर पंच क्रमांक दोनच्या पुढे एकच सही, मोठमोठ्या सुट्या अक्षरांत : इंदू शेवाळे.

"बायकोची साक्ष चालते का भाऊसाहेब?" मी एकदा जरा टोचूनच विचारलं.

"हिची चालते. हिचा पक्ष्यांशी काडीचा हितसंबंध नाही."

वहिनी भाकरी थापत होत्या. वळून न बघता म्हणाल्या, "मले तं सगळा कावयाच दिसतस." मला तर सगळे कावळेच दिसतात.

"ऐकलं? असा निःपक्षपाती पंच जिल्ह्यात नाही."

वहिनी नवऱ्याबरोबर रानात जायच्या. पिशवीत डबा, हातात विणकाम. ते म्हणाले ‘बघ’ की बघायच्या, ‘काय दिसलं सांग’ म्हटलं की दिसलं तेवढंच सांगायच्या, सही करायच्या आणि पुन्हा विणायला लागायच्या. एकदा मी विचारलं, कंटाळा येत नाही का? त्या म्हणाल्या, "तठे काय शे इतलं देखासारखं? पण ह्यास्ले कोणीतरी हो म्हणनारं लागस." तिथे एवढं बघण्यासारखं काय आहे, पण त्यांना, म्हणजे भाऊसाहेबांना, हो म्हणणारं कुणीतरी लागतं. मी ते तेव्हा हसण्यावारी नेलं.

त्या सगळ्या वह्यांत एकच पक्षी नव्हता. तिबोटी खंड्या.

खंड्या आपल्याला माहीत असतो. नदीकाठच्या तारेवर बसणारा, मासे मारणारा. पण हा त्यातला नव्हे. हा डोंगरातल्या दाट, ओल्या झाडीत राहतो. त्याला नदी लागत नाही, घोट्याएवढ्या पाण्याचा ओहोळ पुरतो. मासे कमीच, त्याचं जेवण म्हणजे लहान पाली, खेकडे, कोळी, बेडकं. पकडलं की फांदीवर आपटून आपटून मऊ करायचं आणि मग गिळायचं. आकारानं चिमणीएवढा, पण रंग असे की देऊळ रंगवणाऱ्याची रंगपेटी सांडली असावी. बाकी खंड्यांना पायाला चार बोटं, याला तीनच. पावसाळ्यात येतो, ओहोळाच्या काठच्या मातीत नर-मादी मिळून हातभर लांबीचं बीळ कोरतात आणि आत घरटं करतात. बसलेला दिसत नाही, कारण हालत नाही. आणि उडाला की शिट्टीसारखा आवाज करत खालून, झुडपांच्या बुंध्यांमधून इतक्या वेगानं जातो की रंगाची एक रेघ तेवढी दिसते.

नाशिकच्या पश्चिमेला, पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात तो असणार असं सगळे म्हणत. यादीत मात्र त्याच्यापुढची जागा मोकळी होती. मी मनाशी ठरवलं होतं : त्या जागेवर माझं नाव. बाकी सगळी यादी भाऊसाहेबांनी घ्यावी, ही एक ओळ माझी. यापलीकडे तेव्हा मला आयुष्यात दुसरं काही नको होतं, असं म्हटलं तरी फार खोटं होणार नाही.

आणि पंच्याण्णव साली भाऊसाहेबांची बदली झाली पेठकडच्या एका डोंगरी गावात, सर्कल, म्हणजे मंडळ अधिकारी म्हणून. कचेरीत सगळे हळहळले. शिक्षेची बदली, रस्ता नाही, दिवे नाहीत, पावसात चार महिने संपर्क नाही. मी पण हळहळलो. पण माझी हळहळ वेगळी होती. मी अभिलेख कक्षात झुरळं मोजणार आणि हे तिबोट्याच्या दारात क्वार्टर घेऊन राहणार.

तिथून त्यांचं दर महिन्याला कार्ड यायचं. ‘या महिन्यातील नोंदी’ आणि खाली पक्ष्यांची नावं. मी ते घाईघाईनं वाचायचो आणि तिबोटी नाही हे पाहून माझा जीव भांड्यात पडायचा. शहाण्णवच्या जूनचं कार्ड मात्र विचित्र आलं. एकच ओळ : ‘या महिन्यात नोंद नाही.’

जून महिना, ते रान, आणि नोंद नाही? मी लगेच ओळखलं. यांना तिबोटी दिसला आहे, आणि हे लपवत आहेत. मंडळाच्या वार्षिक सभेत एकदम तावच टाकणार. मी दोन-तीन रविवार धड जेवलो नाही.

पण ते काही त्यांनी जाहीर केलं नाही. अठ्ठ्याण्णव साली ते परत आले, ते एकटे. आदल्या पावसाळ्यात वहिनी तापानं गेल्या होत्या. चार दिवसांचं आजारपण, ओढे भरलेले, जीप पलीकडे अडकलेली. मी भेटायला गेलो तेव्हा ते ओट्यावर बसले होते. मी शेजारी टेकलो. तेच म्हणाले, "पगारे, कॉलनीत बुलबुल वाढलेत." पुढे त्यांनी पंचनामे लिहिले, पण पंच क्रमांक दोनची जागा मोकळी ठेवू लागले. शिपाई निवृत्त झाला होता. मला कधी विचारलं नाही. मी बादच होतो.

मग दोन हजार साली मी एक वाईट गोष्ट केली. एका रविवारी हरसूलच्या बाजूला गेलो होतो. ओहोळावरून काहीतरी निळं-तांबूस सर्रकन गेलं. साधा छोटा खंड्या असणार, हे मला तिथल्या तिथे माहीत होतं. पण घरी येईपर्यंत त्याचं पोट जास्त पिवळं झालं, चोच जास्त लाल झाली, आणि मंडळात सांगेपर्यंत तो तिबोटी झाला. टाळ्या पडल्या. मागच्या बाकावरून भाऊसाहेब उठले.

"पगारे, बोटं किती?"

"एवढ्या वेगात बोटं कशी दिसणार?"

"बसला नाही?"

"नाही."

"बरोबर कोण होतं?"

"कुणी नाही."

त्यांनी काही क्षण माझ्याकडे पाहिलं. माझी खात्री होती की आता ‘अमान्य’ म्हणणार. पण ते फक्त म्हणाले, "मग ही नोंद राहू द्या. पुढे कुणीतरी पुष्टी करेल." आणि खाली बसले. त्यांनी मला खोटं ठरवलं असतं तर बरं झालं असतं. पुढच्याच आठवड्यात मी स्वतः ती नोंद काढून टाकायला सांगितली. माझ्यावर दया करण्याचा अधिकार यांना कुणी दिला, म्हणून उलट मीच चिडलो होतो.

दोन हजार दोनच्या जुलैमध्ये, त्यांच्या निवृत्तीला सहाएक महिने असताना, ते माझ्या टेबलाशी आले.

"पगारे, रविवारी मोकळे आहात? पंच हवाय."

"मी बाद आहे."

"यावेळी चालाल. दुर्बीण आणा."

दुर्बीण आणा, हे त्यांच्या तोंडून मी नऊ वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. मग कळलं की गेली चार वर्षं ते डोंगरातल्या प्रत्येक पोलीस पाटलाला पत्रं लिहीत होते : ‘लाल चोचीचा लहान पक्षी मातीच्या बिळात ये-जा करताना आढळल्यास कळविणे.’ सरकारी भाषेतलं पत्र, त्यामुळे पाटलांनी ते गंभीरपणे घेतलं. एकानं साप कळवला, दोघांनी उंदीर. आणि आता एकानं कळवलं होतं, ‘सदर पक्षी पाल घेऊन आत शिरतो हाय.’

पेठच्या पुढे वडापची जीप सोडून आम्ही तासभर चाललो. बारीक भुरभुर होती. वाटेत माझ्या मनात काय चाललं होतं ते लिहायला लाज वाटते, तरी लिहितो. मी मनातल्या मनात म्हणत होतो की तो पक्षी आज येऊ नये. किंवा आलाच तर यांचा पाय घसरलेला असावा, छत्री उघडत असावेत, मलाच दिसावा.

ओहोळाच्या वळणावर मातीची उभी दरड होती. तिच्यात मुठीएवढं भोक, समोर उंबराचं एक मूळ पाण्यावर आलेलं. भाऊसाहेबांनी मला वीसेक पावलांवर एका दगडावर बसवलं. आणि स्वतः माझ्यासमोर दुसऱ्या दगडावर बसले, दरडीकडे पाठ करून. मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर प्लॅस्टिकनं अर्धवट झाकलेला एक जुना कागद, हातात पेन्सिल.

"तुम्ही असे उलटे का बसलात?"

"लिहिणारा पंच नसतो. तुम्ही बघा."

तास गेला. पाऊण तास आणखी गेला. माझ्या पायाला जळू चिकटली, ती काढायला वाकलो आणि वर पाहिलं तर मुळावर तो बसलेला होता. येताना दिसला नाही. जणू ते मूळच तिथे रंगलं होतं.

भाऊसाहेबांना माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. मागे वळले नाहीत. खालच्या आवाजात म्हणाले, "आकार?"

"मुठीत मावेल एवढा."

पेन्सिलीनं खूण केली.

"पोट?"

"पिवळं. हळदीसारखं."

खूण.

"डोकं?"

"जांभळट. चमक आहे."

"कशासारखी?"

"कशासारखी म्हणजे... वांग्यासारखी."

पेन्सिल थांबली, मग खूण झाली. "चोच?"

"लाल."

इथे त्यांनी खूण केली नाही. "पुढे. कानामागे?"

"ठिपके आहेत. एक निळा, एक पांढरा. भाऊसाहेब, वळा, बघा तरी, अगदी समोर आहे."

"बोटं मोजा."

मी दुर्बीण डोळ्यांवर घट्ट धरली. त्याच्या चोचीत एक बारीकशी पाल होती. ती त्यानं मुळावर डावीकडे आपटली, उजवीकडे आपटली, त्यासाठी पाय जरा सरकवला.

"तीन."

"दुसऱ्या पायाची."

"तीन."

"मग?"

तो भोकात शिरला, क्षणभरात उलट बाहेर आला, आणि शिट्टी वाजवत पाण्यावरून गेला. "उडाला," मी म्हणालो.

"उडी गया," भाऊसाहेब कागदाकडे बघत म्हणाले, आणि शेवटची खूण केली.

मी जिंकलो होतो. मी पाहिला होता, त्यांनी नाही. आठ-नऊ वर्षं मी जी गोष्ट मागत होतो ती नेमकी तशीच मला मिळाली होती, आणि समोर हा माणूस भिजत पाठ करून बसला होता. त्यांनी कागद माझ्याकडे दिला.

‘जबाब देणार : सौ. इंदूबाई शेवाळे, धंदा घरकाम. विचारल्यावरून सांगते की, आज सकाळी मी चहा ठेवीत असता एक पक्षी खिडकीतून आत येऊन मांडणीवर आपटला व पडला. मी त्यास टोपलीखाली झाकले. शुद्धीवर आल्यावर हातात घेतला. मुठीत मावला. पोट हळदीसारखे पिवळे. डोक्यावर जांभळी झाक, वांग्यावर ऊन पडते तशी. चोच शेंदरी. कानामागे ठिपके दोन, निळा व पांढरा. बोटे मोजली, तीन होती. दुसऱ्या पायाची मोजली, तीन. मी त्यास म्हटले, तुन्हं एक बोट कोठे गयं रे भाऊ. मग ओट्यावर नेऊन मूठ उघडली. थोडा वेळ तसाच बसून राहिला, आणि उडी गया.’

खाली ती सुट्या अक्षरांतली सही. तारीख शहाण्णवच्या जूनची. पंच क्रमांक दोन, मोकळं. आणि त्याखाली लाल शाईत भाऊसाहेबांचं वळणदार अक्षर : ‘पुष्टीदाखल दुसरा पंच नाही. सबब अमान्य.’

"मी गंमत केली होती," ते म्हणाले. "तिला एवढं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. ज्या बाईला सगळे कावळे, ती वांग्यावरच्या उन्हापर्यंत गेली. मला वाटलं, बघू या हिला चिडवून. लाल शाई काढली. ती हसली नाही. नंतर कुठल्याही तावावर सही मागितली की म्हणायची, मन्ही सही तं अमान्य शे ना." मग म्हणाले, "तिनं हाकही मारली होती, पगारे. लवकर या म्हणून. मी दाढी करत होतो. म्हटलं, येतो, तेवढा गाल होऊ दे."



"म्हणून तुम्ही पाहिला नाहीत आता?"

"मला पाहून काय करायचंय? पाहायचा होता तेव्हा पाहिला नाही. मला फक्त तिचं बोलणं तपासायचं होतं."

"पण मग मी कसा चाललो? माझा हितसंबंध आहे."

"आहे ना. पण उलटा आहे." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "शेवाळेच्या घरात या पक्ष्याची नोंद होऊ नये, असं ज्याला मनापासून वाटतं असा माणूस नाशकात एकच आहे. त्यानं जर हो म्हटलं, तर ते खरंच असणार. असा पंच मिळत नाही."

मी दुर्बिणीची काच पुसू लागलो. ते म्हणाले, "नाकारू नका. तुम्ही यादी वाचताना दात खाता. माझ्याकडे नोंद आहे."

मग मला पेन दिलं. मी पंच क्रमांक दोनच्या पुढे सही करायला गेलो तर हात धरला. "त्या दिवशी तुम्ही हजर नव्हता. खोटं नको. वर लिहा : वर्णनाप्रमाणे पक्षी आज समक्ष पाहिला, वर्णन जुळते." मी लिहिलं, सही केली. त्यांनी कागद घेतला. लाल शाईतल्या ‘अमान्य’मधल्या ‘अ’वर एक आडवी रेघ मारली, आणि खाडाखोडीच्या नियमाप्रमाणे बाजूला छोटी सही केली. ती करायला त्यांना फार वेळ लागला. मी तोवर पायाची जळू शोधत राहिलो, ती कधीच गळून पडली होती.

परतताना पेठच्या स्टँडवर चहा घेतला. त्या वर्षी मंडळाची यादी लिहायचं काम माझ्याकडे होतं. भाऊसाहेबांनी विचारलं, "कुणाचं नाव घालणार?"

"कै. इंदूबाई शेवाळे," मी म्हणालो. आत कुठेतरी दुखलं, खोटं सांगणार नाही. ती ओळ मी नऊ वर्षं स्वतःसाठी राखली होती.

भाऊसाहेबांनी मान हलवली. बशीतला चहा संपवला. मग दुसरीकडे बघत म्हणाले, "पगारे, ती चोच. लालच म्हणायची का?"

मी डोळ्यांपुढे तो पक्षी आणला. पाण्याची सावली, ओलं मूळ, चोचीत पाल.

"शेंदरी, भाऊसाहेब. सावलीत होता म्हणून मला लाल वाटली. शेंदरीच होती."

"जबाब फिरवताय, पगारे," ते म्हणाले. "त्याची नोंद घेत नाही."

आणि पिशवीतून कागद काढून, चोचीसमोर राहिलेली खूण त्यांनी केली.